ॲनाचं काय झालं, हे विचारायलाच हवं

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी सातारचा, नोकरीसाठी पुण्यात असतो. दर रविवारी एका सरांच्या घरी आम्ही सात-आठ जण युरोपियन सिनेमे बघतो. मागच्या महिन्यात अंतोनिओनीचा 'लाव्हेंतुरा' बघितला. त्यात ॲना नावाची मुलगी बेटावर हरवते ती शेवटपर्यंत सापडतच नाही, आणि नंतर नंतर कोणी तिचं फारसं नावही काढत नाही. मी चर्चेत म्हटलं की मला राग आला, फसवल्यासारखं वाटलं. सगळे गप्प. सर म्हणाले, तुला कळला नाही, गोष्ट शोधणाऱ्यांसाठी हा सिनेमा नाहीच. तेव्हापासून मी नुसती मान डोलावतो. तारकोव्हस्कीचा 'मिरर' पण छान आहे म्हटलं, खरं तर आई कोण आणि बायको कोण हेच मला कळत नव्हतं. मला 'ईडा' आवडला, कौरिस्माकीचा 'फॉलन लीव्ज' तर फारच आवडला, पण ग्रुपमध्ये ते सोपे सिनेमे समजतात. कधीकधी वाटतं ह्या सिनेमातल्या लोकांना कामधंदा नाही का, भिंतीकडे बघत बसतात नुसते. येत्या रविवारी शांताल अकरमनचा 'जान दिएलमन' आहे, जवळजवळ साडेतीन तासांचा, आणि आधी दोन शब्द बोलायला माझा नंबर लागलाय. ग्रुप सोडू का? की माझ्यातच काही कमी आहे?"

प्रिय मित्रा,

ग्रुप सोडू नकोस. मान डोलावणं मात्र सोड आणि लगेच सोड, कारण तुझ्या पत्रात मला काळजी वाटली ती तेवढ्याच एका गोष्टीची. सिनेमा नाही आवडला ठीक आहे, नाही कळला ठीक आहे, मध्येच झोप लागली तरी ठीक आहे, पण मनात एक आणि तोंडावर दुसरं असं बरेच दिवस चाललं ना की आपल्याला खरंच काय वाटलं होतं तेच सापडेनासं होतं. मग रविवारचे तीन तास घालवायचे कशासाठी? आणि तुझ्यात कमी वगैरे काही नाहीये. तुझ्या एवढ्याशा पत्रात दोन-तीन चांगली निरीक्षणं आहेत, तुझ्या लक्षात आलेली नाहीत इतकंच, ती मी तुला दाखवते.

आधी 'लाव्हेंतुरा'च घेऊ. 1960 च्या मे महिन्यात कान फेस्टिव्हलला हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. हशा, शिट्ट्या, लांबलेल्या शॉट्सना 'कट, कट' असा ओरडा, आणि दिग्दर्शक अंतोनिओनी आणि नायिका मोनिका व्हिट्टी दोघंही तिथे हजर. दुसऱ्या दिवशी रोसेलिनीसकट बऱ्याच दिग्दर्शकांनी आणि समीक्षकांनी सह्या करून पाठिंब्याचं पत्रक काढलं, मग ज्युरी प्राइझ मिळालं, आणि दोनच वर्षांनी, 1962 ला, 'साइट अँड साउंड' ह्या ब्रिटिश सिनेमासिकाने जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वोत्तम सिनेमांची यादी केली त्यात हा 'सिटिझन केन'च्या खालोखाल दुसरा आला. हे तुला सांगितलं कारण तुझ्या रागाला जुनी परंपरा आहे, आणि त्या रागाची लाज वाटायचं काही कारण नाही.

पण तो राग कशाचा होता ते आपण जरा बघू ना. ॲना नाहीशी होते, सगळे खडकांवर शोधतात, आणि दुसऱ्याच दिवशी सँड्रो, म्हणजे तिचा होणारा नवरा, तिच्याच मैत्रिणीला, क्लाउडियाला, बोटीत जवळ ओढून किस करतो. मग दोघं मिळून सिसिलीभर शोध घेत फिरतात, आणि तो शोध कधी संपला आणि प्रेमप्रकरण कधी सुरू झालं ते त्यांनाही सांगता येणार नाही. शेवटाकडे तर क्लाउडियाच कबूल करते की काही दिवसांपूर्वी ॲना मेली असेल ह्या विचाराने जीव जायचा, आता ती जिवंत असेल आणि परत येईल ह्याची भीती वाटते. आता मला सांग, अख्ख्या सिनेमात ॲनाची काळजी शेवटपर्यंत कोणाला आहे? पडद्यावर कोणालाही नाही. तुला होती! तू खुर्चीत बसून 'अरे, तिचं काय झालं' विचारत होतास आणि ते लोक पार्टीला चालले होते. हा सिनेमा काय म्हणतोय ते तुझ्या रागाने पकडलेलं होतं, फक्त तू 'फसवलं' एवढ्यावर थांबलास आणि सर 'कळला नाही' एवढ्यावर थांबले. दोघांपैकी एकानं जरी विचारलं असतं की कुणी कुणाला फसवलं, तर त्या दिवशी छान चर्चा झाली असती. ॲनाला तिथल्या माणसांनी सोडून दिलं आणि अंतोनिओनीनं तुला त्याचा साक्षीदार करून ठेवलं, असं मला वाटतं.

आणि हे सगळं असूनही तुला सिनेमा आवडायलाच पाहिजे असं अजिबात नाही हं. माझंच सांगते. मला 'लाव्हेंतुरा' नोटो गावातल्या त्या सीनपर्यंत जबरदस्त वाटतो, तोच, जिथे सँड्रो एका तरुण मुलानं काढलेल्या इमारतीच्या ड्रॉइंगवर मुद्दाम शाई सांडतो. हा स्वतः आर्किटेक्ट, पैशासाठी इमारतींचे एस्टिमेट काढायच्या धंद्याला लागलेला, आणि दुसऱ्याच्या हातातलं काम त्याला बघवत नाही. एका मिनिटात माणूस कळतो. पण शेवटच्या बाकाच्या सीनमध्ये, जिथे तो रडतो आणि क्लाउडिया त्याच्या डोक्यावर हात ठेवते, तिथे माझं मन आजपण ऐकत नाही. बऱ्याच लोकांना तो सिनेमाचा सर्वात उंच क्षण वाटतो. मला वाटतं त्या माणसानं ती दया कमावलेली नाही, दिग्दर्शकानं ती त्याला फुकट दिली. बरोबर-चूक ह्याचा निकाल लागणार नाही, पण मी कुठल्या जागेबद्दल बोलतेय ते ऐकणाऱ्याला कळतं, तो मला 'नाही, तिचा हात आधी किती थांबतो ते बघ' असं म्हणू शकतो, आणि मी परत जाऊन बघते. माझ्या मते मत द्यायचं ते असं. जागा दाखवायची आणि तिथे आपल्याला काय झालं ते सांगायचं.

अंतोनिओनीचाच 'लेक्लिसे', 1962 चा, मला ह्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतो, आणि तुझ्या 'कामधंदा नाही का' ह्या प्रश्नाला तो चांगला आहे कारण त्यात रोमचं स्टॉक एक्सचेंज आहे. मेलेल्या एका दलालासाठी सगळे एक मिनिट शांत उभे राहतात आणि त्या पूर्ण मिनिटभर फोन वाजत राहतात, कोणी उचलत नाही, मिनिट संपल्याबरोबर परत आरडाओरडा सुरू. पैशाबद्दल आणि माणसाबद्दल इतकं नेमकं मी फार थोड्या ठिकाणी बघितलंय. आणि शेवटची सातेक मिनिटं तर हिरो-हिरॉइन येतच नाहीत, दोघांनी भेटायचं ठरवलेला तो कोपरा फक्त दिसत राहतो, पाण्याचं पिंप, बस, अणुस्पर्धेची बातमी असलेला पेपर वाचणारा माणूस, मग रस्त्यावरचा दिवा. तिथे मला कधीच कंटाळा येत नाही कारण मी वाट बघत असते, आणि ती वाट बघायला त्यानंच मला लावलेलं असतं.

आता 'मिरर'. आई कोण आणि बायको कोण हे तुला कळत नव्हतं कारण दोन्ही भूमिका एकाच नटीनं केल्यात, मार्गारिता तेरेखोवानं. तारकोव्हस्कीनं ते मुद्दाम केलंय, ज्याची आठवण आपण बघतोय त्या माणसाला आई आठवली की बायकोचाच चेहरा दिसतो. म्हणजे तुझा गोंधळ खरा होता, आणि तू जर तेव्हा 'मला दोघी सारख्याच दिसत होत्या, वेगळं करता येईना' असं म्हणाला असतास तर सगळ्या चर्चेला ते पुरलं असतं! त्याऐवजी तू छान म्हणालास. 1975 साली हा सिनेमा आला तेव्हा सोव्हिएत प्रेक्षकांनी तारकोव्हस्कीला पत्रं लिहिली होती, काहींनी रागानं, अर्ध्यातून उठून आलो, हे काय चाललंय काही कळलं नाही म्हणून, आणि काहींनी माझं बालपण तुम्हाला कसं कळलं म्हणून. त्यानं दोन्ही प्रकारची पत्रं स्वतःच्या पुस्तकात दिलीत. रागावलेलीसुद्धा. इतक्या मोठ्या माणसाला साध्या प्रेक्षकाचं मत पुस्तकात घ्यावंसं वाटलं तर तुमच्या रविवारच्या बैठकीत ते का चालू नये?

मला स्वतःला 'मिरर'मधला छापखान्याचा भाग सगळ्यात जवळचा. आई पावसात धावत प्रेसमध्ये जाते कारण तिला वाटतं प्रूफमध्ये एक चूक राहिली, आणि तो स्टॅलिनचा काळ आहे. चूक काय होती ते मोठ्यानं सांगतच नाहीत. भीती कशी असते ते त्या धावण्यात आहे सगळं. पण तारकोव्हस्कीचं सगळंच मला पटतं असं नाही. 'सॅक्रिफाइस'मध्ये माणसं बोलतात, बोलतात, जगाचं काय होणार ह्यावर इतकं बोलतात की मला वाटतं हे आता पुरे, मला त्या गवताकडे बघू द्या. आणि मग शेवटी घर जळतं तो एवढा लांबच लांब शॉट, पहिल्यांदा कॅमेरा अडकला म्हणून वाया गेला होता, घर पुन्हा बांधून पुन्हा जाळलं, तो बघताना मी खुर्चीच्या टोकावर असते. एकाच सिनेमात दोन्ही. त्याच्याच 'नोस्टाल्जिया'मध्ये एक माणूस पेटलेली मेणबत्ती घेऊन पाणी काढून टाकलेल्या जुन्या कुंडाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, ती विझते, तो परत मागे येऊन लावतो, पुन्हा विझते, असं जवळजवळ नऊ मिनिटं, एकच शॉट. कागदावर हे वाचून कोणालाही वाटेल की काय वेडेपणा आहे. बघताना मी माझा श्वास जपून घेत होते, ज्योतीला लागू नये म्हणून. तुला तसं नाही झालं तर तसं सांग, पण बघ एकदा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघ, कारण मध्ये एक नोटिफिकेशन आलं तरी ते नऊ मिनिटांचं सगळं जातं.

तुला आवडलेल्या सिनेमांना ग्रुपमध्ये सोपं म्हणतात ह्याचा मात्र मला राग आला. 'फॉलन लीव्ज' एक्याऐंशी मिनिटांचा आहे, खरंय, आणि गोष्ट एका ओळीत सांगता येते. हेलसिंकीतली सुपरमार्केटमध्ये काम करणारी बाई, तारीख उलटलेलं खाणं घरी नेलं म्हणून तिची नोकरी जाते, आणि एक दारू पिणारा कामगार, फोन नंबरची चिठ्ठी त्याच्याकडून हरवते. पण ती त्याला जेवायला बोलावते तेव्हा तिच्याकडे दुसरी ताटली नसते म्हणून जाऊन एक ताटली आणि काटा-चमचा विकत आणते, हे आठवतंय ना तुला? किती वर्षं ती एकटी जेवतेय हे सांगायला कौरिस्माकीला एक वाक्यही लागलं नाही. रेडिओ लावला की युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या, ती बंद करते, दुसऱ्या दिवशी परत तेच. ह्याला सोपं म्हणायचं असेल तर इतकं सोपं करायला माणसाला आयुष्यभर सिनेमे करावे लागतात. आणि तुमच्या ग्रुपमधल्यांनी तो सीन नीट बघितला नसावा, ती दोघं झॉम्बींचा पिक्चर बघून बाहेर येतात आणि मागून येणारे दोन प्रेक्षक त्याची तुलना एकदम ब्रेसाँ आणि गोदार ह्या गंभीर फ्रेंच सिनेमाच्या दिग्गजांशी करतात. कौरिस्माकीचं त्या प्रेक्षकांवर प्रेम आहे, मला नक्की तसं वाटतं, झॉम्बी आणि ब्रेसाँ एकाच थिएटरात बसू शकतात असं तो म्हणतोय.

'ईडा'चं पण तेच. 1962 चा पोलंड, मठात वाढलेली मुलगी, तिला कळतं की आपण ज्यू आहोत, आणि तिला घेऊन फिरणारी ती मावशी, जी आधी सरकारी वकील होती आणि जिच्यामुळे लोक फासावर गेलेत. जुन्या पद्धतीची जवळजवळ चौकोनी फ्रेम आणि माणसं फ्रेमच्या पार खाली, डोक्यावर नुसती रिकामी जागा. काहींना वाटतं त्या जागेत देव आहे, मला वाटतं तिथे मेलेली माणसं आहेत, ज्यांच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. तुला काय वाटलं? तू फक्त 'आवडला' असं लिहिलंस. आवडलेल्या सिनेमाबद्दल पण जागा दाखवायचीच असते, नाहीतर आवडणं पण मान डोलावण्यासारखंच होतं.

शिवाय अवघड म्हणजे मोठं हे कुणी ठरवलं? किशलोव्हस्कीची 'डेकालॉग' मालिका पोलंडच्या टीव्हीसाठी केली होती, साधारण तासाभराचे दहा भाग, वॉर्सातल्या एकाच वसाहतीत राहणारी माणसं, रात्री घरी बसून बघायची. बर्गमनचं 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' 1973 ला स्वीडिश टीव्हीवर सहा भागांत आलं. हे दोघं घरातल्या माणसांसाठी करत होते. किशलोव्हस्कीनं स्वतःच्या 'ब्लू' सिनेमाबद्दल एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितलीय. त्यात ज्युलिएट बिनोश कॉफीत शुगर क्यूबचं टोक बुडवून धरते आणि कॉफी वर चढत जाते, क्लोजअप. तर तो क्यूब पाच सेकंदांत भिजायला हवा, जास्त वेळ लागला तर प्रेक्षकाला फार होईल, म्हणून त्याच्या असिस्टंटनं वेगवेगळे क्यूब भिजवून बघितले. मला ही गोष्ट फार आवडते. तो तुझी सेकंदं मोजत होता! तू काय सहन करशील, तुझं लक्ष कुठे सुटेल ह्याचा विचार करून हे लोक शॉट कापतात, मग त्या सेकंदांत तुला काय झालं हे सांगायचा अधिकार तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला असणार?

म्हणूनच कंटाळ्याबद्दलही खरं बोल. पण जरा बारकाईनं. तुला कंटाळा आला तो शॉट लांब होता म्हणून, की त्या माणसांचं पुढे काय होईल ह्याची पर्वाच वाटेना म्हणून, की दिवसभर ऑफिस करून सबटायटल वाचून डोळे थकले होते म्हणून? ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. बेला तारचा 'ट्युरिन हॉर्स' मोठ्या पडद्यावर बघितला तेव्हा मी हलले होते, बाप, मुलगी, बाहेर सतत वारा, रोज एकेक उकडलेला बटाटा, एकशे सेहेचाळीस मिनिटांत फक्त तीस शॉट. घरी लॅपटॉपवर तोच मला सोसवेना. त्यात सिनेमाचा दोष नाही आणि माझाही नाही, तो वाऱ्याचा आवाज थिएटरातच हवा. आणि काही वेळा दोष खरंच सिनेमाचा असतो. हानेकेचा 'फनी गेम्स' मला मनापासून नावडतो. दोन तरुण एका कुटुंबाच्या घरात शिरून त्यांचे हाल करतात आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून आपल्यालाच विचारतात, म्हणजे हिंसा बघायला आलात ना, घ्या. मी मागितली नव्हती. आधी माझ्यासमोर वाढायचं आणि मग खाल्लं म्हणून रागवायचं हे मला पटत नाही, आणि त्यानं तोच सिनेमा दहा वर्षांनी जवळजवळ शॉटला शॉट लावून इंग्लिशमध्ये परत केला तरी पटलेलं नाही. त्याच हानेकेचा 'आमूर' मात्र मी कुणालाही सांगेन, म्हाताऱ्या जोडप्यातली बायको आजारी पडते आणि नवरा तिचं सगळं करतो, फक्त घरी आई-वडील थकलेले असतील तर थोडा जपून बघ.

आता तो कामधंद्याचा मुद्दा. तू बिचकत लिहिलायस, पण मुद्दा रास्त आहे आणि सरांसमोर मांडण्यासारखा आहे. सुखवस्तू माणसांचं एकटेपण हा युरोपियन आर्ट सिनेमाचा लाडका विषय आहेच, आणि एकामागून एक तेच दाखवलं तर कोणालाही असंच वाटेल. पण तो एक भाग झाला. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा 'रोझेटा' बघ, 1999 ला कानमध्ये त्याला पाल्म दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळालं. पहिल्याच सीनमध्ये त्या मुलीला कारखान्यातून काढलंय आणि ती जायला तयार नाही, दारं आपटत पळते, गार्ड मागे, कॅमेरा तिच्या मानेला चिकटलेला. पुढचा दीड तास ती फक्त नोकरी शोधते. आई दारूडी, राहायला कॅरॅव्हॅन, आणि वॅफलच्या टपरीवरच्या कामासाठी ती काय करते ते बघून तुला तिचा राग येईल आणि त्याच वेळी ती बरोबर आहे असंही वाटेल. त्यांच्याच 'टू डेज, वन नाइट'मध्ये एक बाई शनिवार-रविवार सहकाऱ्यांच्या घरोघरी जाते, तुम्ही तुमचा हजार युरोचा बोनस सोडलात तर माझी नोकरी वाचेल हे सांगायला. दरवाजा, बेल, तेच वाक्य, पुन्हा दरवाजा. सातारा असो की पुणे, पगारावर जगणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य बोलायची लाज कळेल. रुमानियाचा 'द डेथ ऑफ मिस्टर लझारेस्कू' तर एका रात्रीत एका म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्समधून ह्या हॉस्पिटलमधून त्या हॉस्पिटलमध्ये फिरवतात एवढ्यावर अडीच तास चालतो आणि मला त्यातलं एक मिनिट कमी करावंसं वाटत नाही. आणि सगळ्यांच्या आधी, 1948 ला, 'बायसिकल थीव्ज'. सायकल गेली तर नोकरी गेली. 1952 च्या आपल्याकडच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मुंबईत तो दाखवला होता आणि आपल्या कितीतरी दिग्दर्शकांनी त्यानंतर वेगळा विचार सुरू केला. 'साइट अँड साउंड'ची पहिली यादी त्याच वर्षीची, तिच्यात पहिला नंबर ह्याचाच होता. नंतर तो खाली गेला, 'लाव्हेंतुरा'ही खूप खाली गेला. याद्या बदलतात रे, दर दहा वर्षांनी बदलतात, त्या बदलतात कारण कोणीतरी आधीच्या यादीला मान डोलावली नाही.

सध्याच्या, म्हणजे 2022 च्या यादीत पहिला आहे तुमचा रविवारचा सिनेमा. 'जान दिएलमन', 1975 चा, दोनशे एक मिनिटं. बाईनं केलेला सिनेमा त्या जागेवर पहिल्यांदाच आला, आणि तो केला तेव्हा अकरमन पंचविशीत होती. तुला दोन शब्द बोलायचेत ना, तर हे पहिल्या नंबरचं सांगूच नकोस. ते सांगितलं की सगळे नमस्कार करून बसतात. काय बघायचं ते सांग. ब्रसेल्समधली विधवा, शाळेत जाणारा मुलगा, तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि दुपारी घरी गिऱ्हाईक येतं, त्याचे पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात ठेवते. कॅमेरा हलत नाही. क्लोजअप नाही. खोलीतून बाहेर पडताना ती प्रत्येक वेळी दिवा बंद करते, त्याच्याकडे लक्ष द्यायला सांग, कारण पहिल्या दिवशी हे सगळं घड्याळासारखं चालतं आणि दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस. त्यापुढचं सांगू नकोस, शेवट तर अजिबात नको, कोणी वाचून आला असेल तर त्यालाही बोलू देऊ नकोस.

दिल्फिन सेरिग ही त्या काळची मोठी नटी, 'लास्ट इयर ॲट मारियनबाड'मधली ती झुळझुळीत कपड्यांतली बाई, तिला इथे बटाटे सोलताना बघायचंय, आणि शूटिंगच्या वेळचं एक चित्रीकरण आहे त्यात ती प्रत्येक हालचालीचं कारण अकरमनला विचारत असते, मी हे का करतेय, आत्ताच का. अकरमनला ह्या हालचाली पाठ होत्या, घरातल्या बायकांना बघत ती वाढली होती. आपल्या घरातही कोणीतरी हे सगळं रोज करत आलंय आणि आपण त्याच्याकडे सलग दहा मिनिटं कधी बघितलेलं नाही. मला हा सिनेमा प्रचंड आवडतो, पहिल्या नंबरमुळे नाही, तर त्यानं मला एका बाईच्या स्वयंपाकघरात थ्रिलर बघतो तशा टेन्शनमध्ये बसवलं म्हणून. तुला नाही आवडला तर तेही चालेल, फक्त कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत तुझं लक्ष सुटलं ते लक्षात ठेव आणि तेच बोल.

सरांबद्दल शेवटचं. ते वाईट माणूस असतील असं मला वाटत नाही, दर रविवारी स्वतःच्या घरी सात-आठ जणांना बसवून सिनेमा दाखवणारा माणूस त्यावर प्रेम करणाराच असतो, आणि आपल्या लाडक्या सिनेमाला कोणी नावं ठेवली की लागतं. तर भांडू नकोस, सॉरी पण म्हणू नकोस. पुढच्या वेळी 'तुला कळलं नाही' आलं की सरळ विचार, सर, तुम्हाला ते कुठल्या शॉटला दिसलं, परत लावून बघू या का? मनापासून विचार, कारण त्यांना खरंच काहीतरी दिसलेलं असणार आणि ते तुला हवंय. 'लाव्हेंतुरा'चा तो बाकाचा सीन पण एकदा लावायला सांग, आणि 'रोझेटा' पुढच्या महिन्यात ठेवायचा आग्रह धर.

आणि रविवारी चहाचा ब्रेक कधी हे तू ठरव, नंबर तुझा आहे. सिनेमात पहिला दिवस संपला, दुसरा दिवस संपला अशा पाट्या येतात. चहा पहिल्या पाटीला घ्या. दुसऱ्या पाटीला कोणी उठायला लागलं तर बसव त्याला.

तुझी ताई